बाबांचं दुसरं बारसं

शॉमबर्ग,
२२ जानेवारी २००६

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहितोस हे एका परीने बरंच, कारण हे असलं तोंडाने बोलायची तुझी छाती झाली नसती. प्रतापचं क्रियाकर्म "उरकून घ्या" म्हणतोस. उरकून घ्यायला ती काय सत्यनारायणाची पूजा आहे? मी त्याची आई आहे. माझा मुलगा गेला हे एडिसनमध्ये बसून तू कसं ठरवलंस?

झालं ते तुला ठाऊकच आहे. ऑक्टोबरात तो आणि त्याच्या ऑफिसातला अमित मासे धरायला मिशिगन तलावावर गेले, वारा सुटला, बोट उलटी सापडली. अमित सापडला. त्याचे आईवडील नागपूरहून आले आणि अस्थी घेऊन गेले. माझा प्रताप सापडला नाही. कोस्ट गार्डने शोध थांबवला, कारण ते थकले. मी थकलेली नाही. सापडला नाही म्हणजे गेला, असं तुमच्या डॉक्टरकीत कुठे लिहिलंय?

आणि निदान आपल्या घरात तरी हे कुणी बोलू नये. बाबा डचांच्या जहाजावर आगवाले म्हणून गेले, बॉयलरमध्ये कोळसा टाकायला. जावाच्या किनाऱ्याजवळ जपान्यांनी जहाज बुडवलं, कंपनीची तार आली, आणि वर्षाच्या आत गावाने पळसाच्या पानांचा पुतळा करून जयगडच्या खाडीवर जाळला. अग्नी तू दिलास. तेरा वर्षांचा होतास. आईच्या बांगड्या माझ्या डोळ्यांदेखत फुटल्या. आणि सेहेचाळीस साली बाबा चालत दारात! अजून अंगावर काटा येतो. भटजी म्हणाले, शास्त्राने हा माणूस मेलेला आहे, याला पुन्हा जन्माला घातल्याशिवाय घरात घेता येणार नाही. मग काय, बाबांचं बारसं! मिशा असलेलं बाळ. शेजारणींनी पाळणा आणला, बाबांनी त्याला नुसता हात लावला, भटजींनी कानात तेच जुनं नाव सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी आईशी पुन्हा लग्न. आईबापाच्या लग्नात करवली म्हणून मिरवलेली मुलगी अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात मी एकटीच असेन.

एकदा जिवंत माणूस जाळून आपलं पोट भरलं नाही का?

मी ही गोष्ट अनयाला सांगितली. पंधरा वर्षांची पोर, ऑक्टोबरपासून तोंड मिटून होती, त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली. आता शाळेतल्या इतिहासाच्या प्रोजेक्टला तिने तोच विषय घेतलाय, युद्धाच्या काळातले डचांचं जावा आणि शेजारचा ऑस्ट्रेलिया यांचे संबंध. जपान्यांनी जावा घेतल्यावर डचांची जहाजं, त्यांचे अंमलदार, सगळा बारदाना ऑस्ट्रेलियाच्या आश्रयाला कसा गेला, हे ती मलाच शिकवते. मी तिला सांगितलं, तुझ्या पणजोबांनी सिडनीत डचांचं जहाज अडवलं होतं. तिचा एक प्रश्न आहे, तिच्याच शब्दांत लिहिते: "आजी, सिडनीत पोस्ट ऑफिस होतं ना? देन व्हाय डिडन्ट ही राइट होम?" मी म्हटलं, युद्धात टपाल बंद होतं. तू माझ्याहून मोठा, तुला जास्त आठवत असेल. नीट लिहून पाठव.

उत्तरा बरी आहे. ऑफिसला जाते, येते. सुनेने सासूशी बोलावं तेवढं बोलते.

तुझी,
शरू

•

एडिसन,
५ फेब्रुवारी २००६

चि. शरूस अनेक आशीर्वाद.

"उरकून" हा शब्द मागे घेतो. कान गेले तशी लेखणीही गेली असती तर बरं झालं असतं, असं आश्लेषा म्हणते. पोरगी बापाचं सगळं करते, पण बोलून घेतल्याशिवाय नाही. आपल्या घराण्यातल्या बायकांची रीतच आहे ती.

शरू, मला आनंदाने लिहवलं असेल का ते? प्रताप अमेरिकेत आला तो माझ्या घरी. गाडी चालवायला माझ्याच गाडीवर शिकला आणि गॅरेजमधून काढताना आरसा उडवला. मी ओरडलो, तर हा गधडा म्हणतो, "मामा, मागे बघायचंच कशाला?" तो आरसा मी मुद्दाम बरेच दिवस बदलला नव्हता. तेव्हा मामाला काळीज नाही असं समजू नकोस.

पण मी आयुष्यभर डॉक्टरकी केली आहे. ऑक्टोबरातल्या त्या पाण्यात माणसाचं काय होतं हे मी तुला सांगणार नाही, आणि तूही विचारू नकोस. मी क्रिया करा म्हणतो ती प्रतापसाठी नव्हे. जो गेला त्याला आपली काही गरज नाही. तू बांगड्या फुटलेल्या तेवढ्या लक्षात ठेवल्यास. त्याच्या आधीचं वर्ष आठव. आई रोज धक्क्यावर जाऊन बसायची. घरात चूल नाही, तू तापाने फणफणलेली, आणि मी शेजारून पेज मागून आणायचो. पुतळा जाळला, दिवस झाले, आणि ती उठून भाताच्या लावणीला गेली. तू सहा-सात वर्षांची, तुला कुठून आठवणार?

अनयाला सांग, तुझ्या आजीने सांगितलं तेच बरोबर. युद्धात कुठलं आलंय टपाल? आणि बाबांना लिहिता तरी कुठे येत होतं?

प्रोजेक्टसाठी हे घे. पंचेचाळीस सालच्या ऑक्टोबरात युद्ध संपलं होतं. जावाच्या लोकांनी आपलं राज्य जाहीर केलं, आणि डचांना ते परत ताब्यात हवं होतं. सिडनीच्या गोदीत त्यांची जहाजं बंदुका भरून जायला निघाली, तेव्हा जावाचे खलाशी उतरले. ऑस्ट्रेलियन गोदी कामगारांनी माल चढवायला नकार दिला. मग डचांनी आपल्याकडच्या हिंदी खलाशांना कामाला लावलं, तर तेही बोचकी घेऊन खाली उतरले. त्यांत बाबा. आपण स्वतः गुलाम असताना दुसऱ्याला गुलाम करायला बंदुका वाहणार नाही, असं ते म्हणाले. एवढं लिहिलं तरी पोरीला ए मिळेल.

तब्येतीला जप.

तुझा,
दादा

•

शॉमबर्ग,
४ मार्च २००६

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

तुझं उत्तर पोरीने खोडून काढलं. तिच्या टीचर म्हणतात, ऑस्ट्रेलियाहून हिंदुस्थानात टपाल चालू होतं. उशिरा जायचं, फोडून वाचायचे, पण जायचं. आणि लिहिता येत नसेल तर दुसऱ्याकडून लिहवून घेता येतं, असं ती म्हणते. कोकणातले निम्मे खलाशी तेच करत. तुला एवढंही सुचलं नाही? म्हातारा झालास.

तिचं स्वतःचं उत्तर तयार आहे. पणजोबा हॉस्पिटलात असतील, डोक्याला मार लागून नावगाव विसरले असतील, मग हळूहळू आठवलं असेल. मला पटलं. एवढी मोठी बोट बुडते तेव्हा माणसाला काही झालं नसेल का?

पोरीची हुशारी ऐक. तिने भिंतीवर दोन नकाशे लावलेत. एकात जावा आणि ऑस्ट्रेलिया. दुसऱ्यात आपला तलाव आणि कॅनडा. म्हणाली, पणजोबांना दुसऱ्या जहाजाने उचललं आणि शेजारच्या देशात नेलं, मग डॅडींना का नाही? या तलावातून मालवाहू जहाजं थेट कॅनडात जातात, ते तिने शोधून काढलं. आता रोज शाळेतून आली की ऑन्टॅरिओमधल्या हॉस्पिटलांना ईमेल करते, प्रतापचा फोटो जोडून. सुटीत मैत्रिणींबरोबर जायचं होतं तेही रद्द केलं. घरी कुणीतरी असायला हवं, म्हणते. मला इतका अभिमान वाटला! रक्त कुणाचं आहे?

उत्तराला हे आवडत नाही. परवा तिने प्रतापचे कोट पिशवीत भरून गॅरेजमध्ये ठेवले, कुठेतरी द्यायला. मी ते परत आणून लावले. ती बघून न बघितल्यासारखी ऑफिसला गेली. मी प्रतापचं ताट रोज वाढते, तिकडेही ती बघत नाही. हा पाषाण कुठून आणला होता कोण जाणे. मी तिला म्हटलं, अगं, आमच्या आईनेही घाई करून बाबांची गोधडी देऊन टाकली, आणि ते आले तेव्हा त्यांना पांघरायला काही नव्हतं. बिचारे जन्मभर ओटीवर झोपले. खलाशी माणूस, वाऱ्याची सवय, पण मला आपलं वाटत राहिलं की त्यांचं अंथरूणच कुणी ठेवलं नव्हतं.

इथल्या देवळातल्या गुरुजींना विचारलं. बेपत्ता माणसासाठी बारा वर्षं थांबतात असं ते म्हणाले. थांबेन. ऐंशी पार करेन, त्यात काय! बाबा चार वर्षांत आले. प्रतापला फार तर तेवढीच लागतील.

तुझी,
शरू

•

१९ मार्च २००६

ती. मोरेश्वरमामांस सा. न.

ही ईमेल आश्लेषाताईंच्या आयडीवर पाठवतेय, त्या तुम्हाला प्रिंट काढून देतील. आईंना मी लिहितेय हे माहीत नाही. प्लीज त्यांना सांगू नका.

अनया कॅनडाच्या हॉस्पिटलांना ईमेल करते हे त्यांनी कळवलं असेल. मी अडवलं नाही. वाटलं, चार दिवसांत थकेल. गेल्या आठवड्यात एका लहान गावातल्या हॉस्पिटलमधून फोन आला. चाळिशीतला, सावळा, ॲक्सिडेंट झालेला, आयडी नाही, बोलत नाही. फोटोवरून सांगता येत नाही, चेहऱ्याला सूज आहे, म्हणाले. मला माहीत होतं, मामा. फोन ठेवताना मला पक्कं माहीत होतं की तो प्रताप नाही. पण अनया बॅग भरायला लागली होती. त्याचा निळा स्वेटर, त्याचा शेव्हिंगचा डबा. आईंनी लाडू दिले. मी ऑफिसला सिक लिव्ह टाकली आणि ड्राइव्ह केलं.

तो शेतावर काम करणारा एक मेक्सिकन माणूस होता. हातावर त्याच्या बायकोचं की मुलीचं नाव गोंदलेलं होतं. अनया त्याच्या पायाशी बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, आता रडेल, आता तरी. बाहेर पार्किंगमध्ये येऊन म्हणाली, "ओके. नेक्स्ट वन." मामा, त्या "नेक्स्ट वन"नंतर मी नुसती किल्ली हातात घेऊन बसले. गाडी सुरूच करता येईना.

ती मला म्हणते, "ग्रेट-ग्रँडपाला फोर इयर्स लागली, आय हॅव टाइम." ती बाहेर जात नाही. मैत्रिणींचे फोन घेत नाही. आन्सरिंग मशीनवरचा त्याचा आवाज बदलू देत नाही. आई तिला रोज ती बारशाची गोष्ट सांगतात आणि ती रोज ऐकते.

आई वाईट नाहीत हो. मला सून म्हणून आणलं तेव्हापासून एक शब्द कधी टाकून बोलल्या नाहीत. आता मला दगड म्हणतात. माझा नवरा गेलाय, मामा. मला नागपूरला आईला फोन करून मोठ्याने रडायचं आहे, पण या घरात तो गेलेला नाही, तर रडू कुणासाठी? त्याचं ताट समोर वाढलेलं असतं आणि आम्ही तिघी जेवतो.

अजून एक. अनयाच्या प्रश्नाला तुम्ही जे उत्तर दिलं ते मीही वाचलं. बाकी सगळं तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, आणि तेवढ्या एका गोष्टीवर घाईघाईने पुढे गेलात. काही असेल तर सांगा. मला नको, आईंना सांगा. त्यांना फक्त तुम्हीच सांगू शकता.

तुमची,
उत्तरा

•

एडिसन,
२ एप्रिल २००६

चि. शरूस आशीर्वाद.

कॅनडाचं मला कळलं. तू कळवलं नाहीस. कोणाकडून कळलं म्हणून घरात तांडव करू नकोस, आधी हे पूर्ण वाच.

टपाल चालू होतं. अनयाच्या टीचर बरोबर आहेत.

एकसष्ट साली बाबांना मी मुंबईला माझ्या हॉस्पिटलात आणलं होतं ते तुला आठवत असेल. कोळशाने छाती संपली होती. तू सासरी होतीस. तिथे त्यांनी मला जे सांगितलं, ते कुणालाही, विशेषतः तुला, न सांगण्याचं वचन घेतलं. मी ते पंचेचाळीस वर्षं पाळलं. आज मोडतो आहे, कारण ते पाळण्यात एक पोर बुडते आहे.

जहाज बुडालं ते खरं. बरोबरचा जावाचा आगवाला पोहणारा होता, त्याने त्यांना फळीवर धरून ठेवलं. दुसऱ्या बोटीने उचलून ऑस्ट्रेलियात नेलं. डोक्याला मार नाही, स्मृतिभ्रंश नाही. थोडे दिवस हॉस्पिटलात, मग पुन्हा डचांच्या जहाजावर. त्यांची जहाजं आता ऑस्ट्रेलियाची रसद न्यू गिनीला नेत होती. पहिल्या वर्षी बाबांनी कुणाकडून तरी दोन ओळी लिहवून धाडल्या. त्या पोचल्या नाहीत. युद्ध होतं, त्याचा दोष मी कुणालाच देत नाही.

पुढे चव्वेचाळीस साली सिडनीत त्यांना आपल्या खाडीपलीकडच्या गावचा एक सारंग, खलाशांचा मुकादम, भेटला. बाबांना बघून तो भिंतीला टेकला. म्हणाला, "तुला तर जाळला. तुझ्या मोरूने अग्नी दिला."

बाबा मला म्हणाले, लहानपणापासून ऐकलं होतं, क्रिया झालेला माणूस घरी परतला तर घरातलं कुणीतरी जातं. म्हणून गेलो नाही, कळवलं नाही. मला ते पटत होतं, शरू. मी त्यांचा हात धरून बसलो होतो. मग त्यांनी डोळे मिटले आणि उरलेलं सांगितलं. "खरं सांगू मोरू? मला हलकं वाटलं." गाव नाही, घर नाही, कुणाचं देणं नाही, कुणाची जात नाही. जावाच्या खलाशांच्या खोलीत सगळे एका टेबलाशी बसून चहा प्यायचे. गोरे कामगार खांद्यावर हात टाकायचे. तिथे ते कुणाचे नवरे नव्हते आणि कुणाचे बाप नव्हते. असे ते दीड-दोन वर्षं राहिले. मी अग्नी दिला हे त्यांना माहीत होतं. तू आठ वर्षांची झालीस हेही माहीत होतं.

मग परत का आले? त्याचं उत्तर अनयाच्या प्रोजेक्टमध्येच आहे. ते डचांच्या जहाजावरून उतरले ते खरंच, आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो. पण काम सोडलेल्या खलाशांना सरकारने बोटीत घालून मुंबईला धाडलं. ते आपल्याकडे आले नाहीत, शरू. त्यांना आणून सोडलं.

आईने पहिल्याच संध्याकाळी त्यांना अनयाचाच प्रश्न विचारला. बाबा खोटं बोलले नाहीत. तू तेव्हा आनंदाने गावभर नाचत होतीस. बारशाच्या आधी ते देवळात राहत होते ना? तुला सांगितलं, सोवळ्यात आहेत. खरं म्हणजे आई लग्नाला तयार नव्हती. भटजींनाच म्हणाली, "माझा नवरा मेला, मी त्याचं केलं. हा कोण ते मला ठाऊक नाही." शेवटी आपल्या दोघांसाठी उभी राहिली. आणि ओटीवर ते वाऱ्यासाठी झोपत नव्हते. आईने त्यांना उंबरा ओलांडू दिला, पण तेवढाच.

बाबांचं शेवटचं बोलणं तुझ्याबद्दल होतं. "शरूला सांगू नको. तिच्यापुरता मी परत आलेला असू दे."

इतके दिवस मी भीत होतो की हे कळलं तर तू म्हणशील, बघ, क्रिया केली म्हणूनच तर बाप दूर राहिला. म्हण. पण पुढचाही विचार कर. बाबा हरवले नव्हते. जिवंत माणूस हरवलेला नसतो, तो कुठेतरी राहत असतो, जेवत असतो. प्रताप जिवंत असेल तर तोही कुठेतरी आहे. त्याला घरचा नंबर पाठ आहे. पोर दाराशी बसली आहे, आणि तो फोन करत नाही.

मी त्याचा मामा, तू आई. प्रताप तसा आहे का, एवढंच मला लिही.

दादा

•

एडिसन,
९ मे २००६

चि. शरूस आशीर्वाद.

तुझं पत्र नाही. आश्लेषाने उत्तराला फोन केला, तर म्हणे, आई बऱ्या आहेत, पण खोलीतून फारशा बाहेर येत नाहीत.

मुलगा सापडत नाही अशा वेळी मी तुझा बापही काढून घेतला. दुसरा इलाज होता का, हे मी रोज स्वतःला विचारतो आणि रोज वेगळं उत्तर देतो. रागावली असशील तर शिव्या लिही. आपल्या गावच्या लिही, मला अजून सगळ्या समजतात. पण लिही.

दादा

•

शॉमबर्ग,
२७ मे २००६

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

आधी कामाचं सांगते, नाहीतर राहून जाईल.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी करायचं ठरलं आहे. गुरुजींनी बारा वर्षांचं पुन्हा काढलं, तेव्हा मी म्हटलं, बारा वर्षं बेपत्ता माणसासाठी, माझा मुलगा बुडाला आहे. हे मीच म्हटलं. दर्भ देवळात आहे, नारळ आहे, पळसाचं पान इथे कुठून मिळायचं? तू तिकडे ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत पत्रावळी बघ. पळसाच्याच हव्यात, सालवृक्षाच्या नकोत, आणि ते प्लास्टिक चिकटवलेलं सोंग तर मुळीच नको. त्याच उसवून पुतळा करू. इथल्या फ्युनरल होमवाल्यांनी दहनाला परवानगी दिली आहे. उत्तराने त्यांना सगळं समजावलं तेव्हा तो माणूस टोपी काढून उभा राहिला. अग्नी अनया देईल. गुरुजी कुरकुरतील, त्यांच्याशी तू बोल. त्यांचं काहीच तुला ऐकू येणार नाही, तेच बरं. आणि पोरीच्या शेजारी तू उभा राहा. पुतळ्याला अग्नी देताना मुलाच्या हातांचं काय होतं ते आमच्यापैकी कुणाला माहीत नाही.

आता शिव्या. पहिला महिनाभर मी तुला मनातल्या मनात इतक्या दिल्या की पुन्हा लिहायला त्राण नाही. नंतर बाबांना दिल्या. दादा, आठ वर्षांची होते रे मी. धक्क्यावर होडी लागली की धावत जायचे. ते तिकडे चहा पीत होते, आणि त्यांना हलकं वाटत होतं! मी जन्मभर त्यांच्या बारशाचं कौतुक सांगत हिंडले. आईने त्या लग्नात मान वर केली नव्हती, मी समजले लाजली. ती माऊली मला एकदाही काही बोलली नाही. तिच्याकडे आता माफी तरी कशी मागू?

तरी तुझ्या प्रश्नाला मी उत्तर देत नव्हते. रागातच राहिले, कारण राग होता तोवर ताट वाढता येत होतं.

मागच्या मंगळवारी अनया खोलीत आली. प्रोजेक्ट द्यायची तारीख जवळ आली होती. म्हणाली, "आजी, मोरेश्वरआजोबांनी काही लिहिलं? व्हाय डिडन्ट ही राइट?" मी खोटं बोलणार होते. तोंडात आलंच होतं, डोक्याला मार लागला म्हणून. पण तिच्या हातात कॅनडाचा नकाशा होता, आणि त्यावर खुणा केलेल्या. किती खुणा, दादा! मी तिला जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं. फळीचं, सारंगाचं, हलकं वाटल्याचं, सगळं.

तिने हातातल्या नकाशाची घडी घातली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांना येता येत होतं?"

"येत होतं."

"अँड ही न्यू, की सगळे वेट करतायत?"

"कळलं होतं त्यांना."

"दॅट्स हॉरिबल," ती म्हणाली. मग एकदम चिडली, माझ्यावरच. "डॅडी वुड नेव्हर डू दॅट! ट्रॅफिकमध्ये अडकला तरी तो फोन करायचा. एव्हरी सिंगल टाइम. मी त्याला सांगायचे, डॅडी, स्टॉप, इट्स ओन्ली टेन मिनिट्स…"

आणि तिथे ती थांबली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मला जे तुझ्या पत्रानंतर दोन महिने कळूनही घ्यायचं नव्हतं, ते त्या लेकराला माझ्यासमोर बसल्या बसल्या कळलं. अगदी हळू म्हणाली, "सो ही कान्ट."

तू विचारलंस, प्रताप तसा आहे का. नाही, दादा. तो मरणाच्या दारातून रांगत आला असता, पण या पोरीला दाराशी बसवून राहिला नसता.

मी म्हटलं, "नाही बाळा. त्याला येता आलं असतं तर तो आला असता."

उत्तरा दारात कधी येऊन उभी राहिली होती मला माहीत नाही. ती खाली बसली आणि असा हंबरडा फोडला की शेजारची बाई धावत आली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि मग मीही रडले.

तुझी,
शरू